वाडगेवालीचं व्रत

“इंग्रजीत शिकली म्हून मराठीत मुकी झाली का काय गं ही पोर?”

हे आपण कुजबुजत बोललो असं भागीरथीमावशीला वाटत होतं. तिची कुजबूज आमच्या पडवीतून निघून पुढच्या दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या पेशंटांपर्यंत जायची. मी तर मधल्या दाराआडच उभी होते, हातात लाट्यांचं ताट घेऊन. पडवीत सात-आठ जणी गोल करून पोह्यांचे पापड लाटत होत्या. ते ताट त्यांच्या मधोमध नेऊन ठेवायचं, म्हणजे सगळ्यांच्या नजरेखालून चालत जायचं. कुणीतरी काही गंमत करेल, माना दुसरीकडे वळतील आणि मग आपण पटकन जाऊन येऊ, अशी वाट बघत मी थांबले होते.

“मुकी नाही हो,” आई म्हणाली. “ऐकत असते सगळं.”

“आइकून काय व्हतंय? आमची म्हसपण आइकते.”

सगळ्या हसल्या, माना वळल्या, आणि मी ताट ठेवून परत दाराआड आले.

आमचं घर कर्जत स्टेशनच्या मागच्या आळीत होतं. पुढच्या दोन खोल्यांत दादांचा, म्हणजे वडिलांचा दवाखाना, मागे आम्ही. घाटावर जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून इंजिन जोडतात. जोडताना बसणारा धक्का, पुढच्या इंजिनाची शिट्टी आणि तिला मागच्याचं उत्तर, हे दिवसातून कितीतरी वेळा व्हायचं, आणि तेवढ्यापुरतं आमच्या घरातलं बोलणं थांबायचं. मला ते फार सोयीचं होतं. कुणी काही विचारलं की मी शिट्टीची वाट बघायची. ती संपेपर्यंत विचारणारा बहुतेक वेळा विसरलेला असायचा. सात वर्षांची असताना मला थंड हवेच्या गावी नन्सच्या शाळेत ठेवलं होतं. तिथे मराठी बोलताना सापडलं तर दिवसभर गळ्यात लाकडी पाटी घालून हिंडावं लागे. मला ती पाटी एकदाच मिळाली, पण तेवढी पुरली. इंग्रजी वाढत गेलं, मराठी मात्र सात वर्षांच्या मुलीचंच राहिलं. त्यात भर होती ती फक्त आईच्या कहाण्यांची. श्रावणात मी घरी नसे, म्हणून आई श्रावणातल्या सगळ्या कहाण्या मला मे महिन्यात, आमरसाच्या वाटीबरोबर सांगायची. मराठीत गोष्ट सांगायची ती कशी, हे मला तेवढंच ठाऊक होतं. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

त्या उन्हाळ्यात शाळा कायमची संपली होती. निकाल लागून कॉलेजचं ठरेपर्यंत मी घरी होते आणि घरात पापड चालू होते. आमच्या आळीत कुणीच एकटीनं पापड करत नसे. चार दिवस आमच्याकडे, मग ताराकाकूंकडे, मग आणखी कुणाकडे. जिच्या घरी पापड तिनं आदल्या दिवशी पोह्यांचं पीठ दळून ठेवायचं, पापडखार उकळून गाळायचा, हिंग-तिखट घालून पीठ भिजवायचं. बाकीच्यांनी सकाळी चहा झाला की आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं. लाटण्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीच्या लाटण्याच्या टोकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. पीठ उखळात घालून कांडायचं काम भागीरथीमावशीकडे. ती नदीपलीकडची, भातशेतीवाली, आमच्याकडे वर्षाचे तांदूळ घालणारी. तिच्या घरी पापडांचा घाट नव्हता, पण कांडायला तिच्यासारखा हात आळीत कुणाचा नव्हता, आणि बोलायलाही. तेलाचा हात लावून मऊसूत झालेली लाटी कच्चीच तेलात बुडवून खाण्यात जे सुख आहे ते मला पुढे कुठल्याही पक्वान्नात सापडलं नाही. दुपारपर्यंत अंगणातल्या खाटांवर धोतरं अंथरून पापड पसरलेले असायचे आणि सगळ्या आळीला हिंगाचा वास यायचा.

दोन-तीन दिवसांत बायकांच्या बोलण्यातली नवी बातमी संपली. आमचा रेडिओ दुरुस्तीला गेला होता. मी माजघरात खांबाला टेकून वाचत बसले होते आणि भागीरथीमावशीनं मुसळ थांबवून हाक मारली.

“बेबे, त्या हिरव्या पुस्तकात काय हाय गं? रोज डोळं घालून बसतीस.”

घरात मला बेबीच म्हणत. पुस्तक मला शाळेत सुवाच्य अक्षराबद्दल मिळालेलं होतं. पार उत्तरेकडच्या, नॉर्वे-आइसलँडकडच्या जुन्या देवांच्या कथा त्यात होत्या. मी शिट्टीची वाट बघितली. गाडी नव्हती.

“देवांच्या गोष्टी,” मी म्हटलं.

“मंग सांग की! देवाच्या गोष्टी मनात वाचून काय पुण्य लागतंय?”

आता मागे फिरता येत नव्हतं. मी दारापर्यंत आले, उंबऱ्यावर बसले, आणि मला येत होती त्या एकाच पद्धतीनं सुरुवात केली. आटपाट नगर होतं. तिथे देव राहत होते. देवांची नावं सांगून बघितली, पण ती ऐकून बायका एवढ्या हसल्या की मी ती सोडून दिली. थोरला देव एका डोळ्याचा होता, तो एकडोळ्या झाला. एक खोड्या काढणारा, एकाचं दुसऱ्याला लावणारा, त्याला भागीरथीमावशीनंच ‘कळलाव्या’ म्हणून टाकलं. त्या कळलाव्याच्या कपटामुळे देवांचा सगळ्यात लाडका, उजळ कांतीचा मुलगा मेला. देव चिडले. त्यांनी कळलाव्याला डोंगराच्या कपारीत तीन दगडांवर उताणा बांधला आणि त्याच्या तोंडावर एक साप टांगला. सापाच्या तोंडातून थेंब थेंब विष गळायचं. देव आपापल्या घरी गेले. कळलाव्याची बायको तेवढी मागे राहिली. तिनं एक वाडगं घेतलं आणि ती विष झेलत उभी राहिली. वाडगं भरलं की ते ओतायला जायची. तेवढ्या वेळात त्याच्या तोंडावर विष पडायचं, तो तडफडायचा, आणि त्यानं धरणीकंप व्हायचा.

“केवढं वाडगं?” ताराकाकूंनी विचारलं. त्या हेडमास्तरांच्या पत्नी. गावातल्या सगळ्या पोथ्या त्यांच्या कपाटात असायच्या.

“ते दिलेलं नाही.”

“पातेलं घ्यायचं ना मग. चांगलं बुडाचं.”

“नायतर दोन वाडगी,” भागीरथीमावशी म्हणाली. “येक भरलं की दुसरं लावायचं. येवढी अक्कल नाय?”

“पुस्तकात एकच आहे.”

“सापाच्या तोंडाला फडकं बांधलं असतं तर?”

“आणि ओतायची कुठे गं? मोरी होती का तिथे?”

मी प्रत्येकीला उत्तर देत होते. मला बोलता येतंय, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. गोल बसलेल्यांत एकीचंच लाटणं थांबलं होतं. ती शालन. आमच्या शेजारची सून, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, मॅट्रिक झालेली. ती फार बोलायची नाही आणि म्हणूनच मला आवडायची.

“तिचं नाव काय?” शालननं विचारलं.

मी सांगितलं. कुणाच्या तोंडात ते बसेना. “वाडगेवाली म्हना,” भागीरथीमावशीनं निकाल दिला.

आता गोष्ट संपवायची कशी? पुस्तकात पुढे जगबुडी आहे, मोठमोठ्या लढाया आहेत, पण त्यात ती बाई नाही. अख्ख्या पुस्तकात तिच्या वाट्याला साडेतीन ओळी होत्या. मी त्या बोटानं मोजल्या होत्या. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी आई करायची तसा शेवट केला. वाडगेवालीला जसं बळ आलं तसं तुम्हाआम्हा सर्वांना येवो, ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी संपूर्ण. आणि पडवीतल्या सगळ्या बायकांनी, सवयीनं, लाटणी खाली ठेवून पिठाचे हात जोडले.

दुसऱ्या दिवसापासून अधिक महिना लागत होता. अधिकात बायका काही ना काही नेम धरतात. कुणी मीठ सोडतं, कुणी रोज नदीवर जातं, कुणी मौन धरतं. ताराकाकूंकडे पापडाला जमल्यावर भागीरथीमावशीनं कनवटीतून एक छोटं पितळी वाडगं काढलं आणि मला विचारलं, “बेबे, वसा घ्यायचा तर दोनी हातांत धरायचं का उजव्या?”

मला काहीच कळेना.

“वाडगेवालीचा वसा गं! कसा घ्यायचा?”

“माझ्या एकाही पोथीत ही कहाणी नाही,” ताराकाकू संशयानं म्हणाल्या.

“पोथीत नाय म्हून तर नवी हाय. अधिकात नवं घेतलेलं चालतंय.”

त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं की ही आपली देवी नाही, ही बर्फातल्या देशातली आहे, आणि तिची कुणी पूजा केल्याचं मी तरी वाचलेलं नाही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात घाटाच्या गाडीनं शिट्टी दिली, आणि शिट्टी संपेपर्यंत बायकांनी ठरवून टाकलं होतं. दिवेलागणीला वाडगं काठोकाठ पाण्यानं भरायचं, दोन्ही हातांत धरायचं, कहाणी संपेपर्यंत थेंब सांडू द्यायचा नाही, मग तुळशीला घालायचं.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. संध्याकाळी मी मागच्या ओट्यावर उभी राहायची आणि आळीतल्या चार-पाच तुळशींपुढे बायका वाडगी धरून उभ्या दिसायच्या. मी सांगितलेली गोष्ट, माझी वाक्यं, त्यांच्या तोंडून ऐकू यायची. त्यात रोज भर पडत होती. भागीरथीमावशी शिळफाट्याच्या बाजाराला गेली आणि तिथे आपल्या बहिणीला सांगून आली. आठ दिवसांनी कहाणी तिकडून परत आली तेव्हा वाडगं पितळीच हवं होतं, नैवेद्याला दहीभात लागत होता, आणि साप तांदळाच्या पिठानं काढायचा होता, पण शेपूट दाराकडे करायचं नाही. खोपोलीची एक बाई तापाचं औषध न्यायला आली आणि आत येऊन तिनं आईला वाडगेवालीची कहाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. “आमच्या पणजीपासून चालत आलीये,” ती म्हणाली. आईनं गंभीर चेहऱ्यानं ऐकून घेतलं. बाई गेल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं, तोंडाला पदर लावला, आणि आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. आईला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. “राहू दे गं,” ती म्हणाली, “कुणाचं काय बिघडतंय?”

पुढे मोठेपणी वाडगेवालीवरची माझी कादंबरी आली तेव्हा एका समीक्षकांनी लिहिलं की, दूरच्या देशातली दंतकथा लेखिकेनं त्या उपेक्षित स्त्रीच्या तोंडून सांगितली हे ठीक, पण शेवट तिनं मनचा घातला आहे, मूळ कथेत त्याला आधार नाही. अगदी बरोबर आहे. मूळ कथेत आधार नाही. मी नंतर बर्फातल्या त्या देशाबद्दल मिळेल ते वाचलं, तिथल्या कपारी नकाशात शोधल्या, सापांच्या जाती पाहिल्या, तरी त्या शेवटाला मला जो आधार आहे तो आमच्या शेजारच्या घरातला आहे. म्हणून आठवणींतलं हे प्रकरण लिहायला घेतलं.

शालनच्या घरात तिघं. ती, तिचा नवरा आणि सासरे. नवरा खोपोलीच्या एका कारखान्यात कायम दिवसपाळीला, सकाळी जाई तो दिवेलागणीला येई. सासरे म्हणजे आप्पा, रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी मोरीत घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि ते आतल्या खोलीत लोखंडी खाटेवर पडले ते पडलेच. अंग जागेवर खिळलं, तशी सगळी ताकद त्यांच्या जिभेत आली. पेज गरम असली तर ओरडणं, गार असली तर ओरडणं, गाडी वेळेवर आली नाही तरी शालनवर ओरडणं. दादांचा कंपाउंडर एकदा इंजेक्शन घेऊन गेला तो पेजेचा पेला अंगावर घेऊन परत आला. आळीतली मुलं त्यांच्या खिडकीखालून वाकून पळत. मीही पळत असे, सतरा वर्षांची असून.

त्या वर्षी खालापूरला बालवाडीच्या शिक्षिकांसाठी सहा महिन्यांचा वर्ग निघाला होता. दहा ते चार, रविवारी सुटी. शालननं अर्ज केला होता, आणि तिचं नाव लागलं होतं. हे मला कळलं ते अधिक संपत आला तेव्हा, आई आणि ताराकाकू सांडगे घालत बोलत होत्या त्यातून.

“सोमवारी हजर व्हायचंय ना तिला?” आईनं विचारलं.

“कसली हजर होते! नाही म्हणून पत्र टाकते म्हणाली.”

“का? तिचा नवरा तर हो म्हणाला होता.”

“तो हो म्हणेल हो. दिवसभर आप्पांजवळ कोण? मी विचारलं तर म्हणते कशी, काकू, वाडगं खाली ठेवता येत नाही.”

माझ्या हातातलं सूप तिथेच राहिलं. आई माझ्याकडे बघत नव्हती, पण तिला ठाऊक होतं मी ऐकतेय ते.

मी त्याच दुपारी शालनकडे गेले. ती मागच्या दारी आप्पांची चादर पिळत होती. मी दुसरं टोक धरलं. काय बोलायचं ते घरून पाठ करून आले होते, इंग्रजीत, मग मराठीत. पण तीच आधी बोलली.

“बेबी, तुला एक सांगू? तुझी गोष्ट ऐकली ना, तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माझ्याबद्दल पुस्तकात लिहून ठेवलंय. इतक्या लांबच्या माणसांनी.” तिनं चादर झटकली. “तेव्हापासून आप्पा ओरडले तरी मला तेवढं लागत नाही. मी मनात म्हणते, थेंब पडला.”

“आणि क्लास?”

“तो निघेल परत कधीतरी.”

आतून आप्पांची हाक आली आणि ती गेली. मी चादर दोरीवर टाकली, नीट ताणली, आणि पाठ केलेलं तसंच घेऊन घरी आले. तिला ज्या गोष्टीनं धीर दिला तीच गोष्ट तिला खाटेपाशी बांधून ठेवत होती, आणि ती गोष्ट मी आणली होती. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की चूक झाली तर उभं राहून सांगावी. पण शाळेत ती इंग्रजीत सांगायची होती.

उद्यापन शनिवारी होतं. शालनला घर सोडता येत नाही म्हणून तिच्याच घरी ठरलं. तेहतीस अनारसे करायचे, तर तेही सगळ्यांनी वाटून घेतले होते. आईचे जाळीदार झाले, ताराकाकूंचे तुपात विरघळले आणि त्यांनी त्यांना चिकटगुंडे असं नाव ठेवून तरीही आणले. ओटीवर तांदळाच्या पिठाचा मोठा साप काढला होता, शेपूट दाराकडे नाही. पंधराएक बायका होत्या, शिळफाट्याहून भागीरथीमावशीची बहीणही आली होती. केळीच्या पानावर दहीभात, लिंबाचं लोणचं, आणि ताटलीत पहिल्या घाण्याचे तळलेले पापड. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि आप्पांचे पाय तेवढे दिसत होते.

“कसला गलका हाय?” आप्पा ओरडले. “म्हातारा मेला म्हून जमलाय का?”

“अजून नाय, पन तुमी घाई करू नका!” भागीरथीमावशीनं तिथूनच उत्तर दिलं. “अनारसा देऊ का?”

“दोन दे.”

सगळ्यांनी वाडगी भरली आणि धरली. कहाणी मीच सांगायची होती. मूळ कहाणी माझी, असा आता मान होता. मी सुरू केली. आटपाट नगर, एकडोळ्या, कळलाव्या, कपार, साप. बायकांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. शालन समोरच उभी होती. तिचं वाडगं इतकं स्थिर होतं की त्यातल्या पाण्यात वरची कौलं दिसत होती. ‘ती वाडगं घेऊन उभी राहिली’ इथपर्यंत कहाणी आली आणि मी थांबले.

“विसरली?” ताराकाकू म्हणाल्या.

“नाही,” मी म्हटलं. “ही आपली देवी नाही. ही इंग्रजी पुस्तकातली गोष्ट आहे. लांबच्या देशातली. व्रत वगैरे काही नाही त्यात. मला कहाणीसारखं सांगायचं नव्हतं, पण मला दुसरं सांगताच येत नाही. चुकलं माझं.”

माझ्या आयुष्यातलं तोवरचं हे सगळ्यात लांब बोलणं होतं. मी मान खाली घालून आता काय होतंय ते बघत राहिले. एकही वाडगं खाली आलं नाही.

“मंग?” भागीरथीमावशी म्हणाली.

“मग... ती आपली नाही.”

“लांबची हाय म्हून काय झालं? तिला काय हात नव्हते? दुखत नव्हते?”

“आमच्या पणजीनं सांगितलेलीये,” भागीरथीमावशीच्या बहिणीनं ठासून सांगितलं. कुणीतरी हसलं, आणि मग सगळ्याच हसल्या, आणि तीन-चार वाडगी डुचमळली.

शालन हसली नाही. “पण उभी राहिली ना ती?” तिनं मला विचारलं. “ते तरी खरं आहे ना पुस्तकात?”

“हो.”

“मग झालं तर.”

म्हणजे खरं सांगूनही काहीच हललं नव्हतं. सोमवार परवावर आला होता. मी भागीरथीमावशीकडे बघितलं, का ते मला माहीत नाही. ती कपाळाला आठ्या घालून पिठाच्या सापाकडे बघत होती.

“मला येक कळत नाय,” ती म्हणाली. “देव घरी गेले म्हन्तीस. त्या देवांना बायका व्हत्या का नाय?”

“होत्या. पुष्कळ.”

“त्या कुठं व्हत्या मंग?”

“ते पुस्तकात नाही.”

“नाय कसं? लावणीला कुनी येकटी बाई खाचरात उतरवतंय का? येवढ्या बाया असून येकीनंच विष झेलायचं, ही कुठली रीत?”

“त्यांचे नवरेच तर बांधून गेले होते त्याला,” आई पहिल्यांदाच बोलली. “त्या कशाला येतील?”

“नवऱ्यानं बांधलं म्हून बाईनं बघायचं नाय का?”

“अगं बायांनो, त्या बांधलेल्याला इचारा की कुनीतरी!” आतून आप्पा ओरडले. त्यांच्या तोंडात अनारसा होता. “रोज रोज तीच बाई तोंडासमोर. त्याला कंटाळा आला असंल!”

पुन्हा हसण्याचा फवारा उडाला. या वेळी शालनचंही पाणी सांडलं, पायावर. ती ओल्या पायाकडे बघत राहिली. तिचे खांदे हलत होते आणि ती हसतेय की रडतेय ते मला कळेना. ताराकाकूंनी घसा साफ केला.

“हसायला सोपं आहे,” त्या म्हणाल्या. “पण आपापलं घर सोडून कोण जाऊन उभं राहणार? बोलायचं म्हणून बोलायचं.”

त्यांनी कपारीबद्दल म्हटलं की आतल्या खोलीबद्दल, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. बायका एकमेकींकडे बघायच्या थांबल्या. प्रत्येकीला एकदम आपल्या वाडग्यातलं पाणी फार महत्त्वाचं वाटू लागलं. भागीरथीमावशी बोटांवर काहीतरी मोजत होती, बहुधा नदीपलीकडून यायला-जायला लागणारा वेळ.

“कोन येनार हाय?” आप्पा आतून म्हणाले. आवाज आधीसारखा चढा होता, पण शेवटी जरा खाली आला. “येक तास माझ्याजवळ बसून दाखवा. येकीची तरी छाती हाय?”

 शालन वाकली आणि पदराच्या टोकानं फरशीवरचं पाणी पुसू लागली. तिनं पत्र अजून टाकलं नव्हतं. ते ओटीवरच्या कोनाड्यात, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली ठेवलेलं मला दिसत होतं. मला आप्पांची भीती वाटत होती. पेजेच्या पेल्याची वाटत होती, ते काही विचारतील आणि मला मराठीत उत्तर सुचणार नाही, याची तर फारच वाटत होती. आईनं माझ्याकडे बघितलंही नाही. त्याबद्दल मी तिची अजून ऋणी आहे. मी माझं वाडगं पिठाच्या सापाशेजारी खाली ठेवलं, बायकांच्या मधून वाट काढत सगळ्यांच्या देखत आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आणि आप्पांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं,

“सोमवार माझा.”